मरण आपलं कोण लागतं

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी विचारलंत की आजी दर महिन्याच्या वीस तारखेला संध्याकाळी फोन का उचलत नाही. तुमच्या बाबांनी "आजी क्लासला असते" असं सांगून विषय संपवला, ते मला ऐकू आलं. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे, आणि अपुऱ्या उत्तराला मी शाळेत कायम निम्मे गुण देत आले. म्हणून पूर्ण उत्तर लिहिते. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही भराभर वाचाल आणि विसराल. मराठीत अडखळत वाचावं लागेल, ते बरं.

चक्रीवादळात आपल्या दिवेआगरच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या हे तुम्हाला माहीत आहे. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. नवी रोपं लावली, त्यांना सावली हवी म्हणून मध्ये केळी लावल्या, आणि तरी रोपांची पानं पिवळी पडायला लागली. गावात विचारलं तर प्रत्येकाने वेगळा उपाय सांगितला आणि प्रत्येकाला त्याची खात्री होती. तेव्हा मी ठरवलं की जिथे कोणी आपल्याला ओळखत नाही तिथे विचारावं. तुम्ही मे महिन्यात येऊन मला टॅबलेट लावून दिला होतात. त्यावर शोधता शोधता एक इंग्रजी गट सापडला, ज्याच्या नावातच बाग होती. माहितीत लिहिलं होतं की इथे शांत माणसं जमतात, मैत्रीला महत्त्व देतात, साधं अन्न खातात आणि राजकारणावर बोलत नाहीत. बागकाम करणारी माणसं अशीच असतात असं मला वाटलं. मी सदस्य झाले आणि परिच्छेद पाडून प्रश्न लिहिला: जमीन कशी, पाणी किती, पिवळेपणा टोकाकडून सुरू होतो की देठाकडून.

पहिलं उत्तर स्कॉटलंडमधल्या एका निवृत्त बस ड्रायव्हरचं आलं. त्याने लिहिलं की या झाडाबद्दल त्याला काहीही माहिती नाही, पण झाडं पडल्याचं वाचून वाईट वाटलं, आणि त्यामुळे मला झोप लागत नाही असं काही आहे का? दुसरं उत्तर ग्रीसमधल्या एका चष्म्याच्या दुकानवालीचं. तिने विचारलं की या झाडांकडून मला नक्की काय हवं आहे, याचा मी नीट विचार केला आहे का? मी लिहिलं, सुपारी.

थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हा बागकामाचा गट नाही. ही मंडळी एका प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचा अभ्यास करतात. तो अथेन्सच्या वेशीबाहेर एका बागेत मित्रमंडळींबरोबर राहायचा, तिथेच शिकवायचा, आणि म्हणून त्याच्या पंथालाच बाग म्हणतात. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमची मोठी आजी त्याला 'वाडीवाला' म्हणते आणि घरात आता तेच चालतं. चूक कळल्यावर गटातून निघून जायला हवं होतं. पण आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही असं सरळ सांगणारी इतकी माणसं मी दिवेआगर ते श्रीवर्धन या टापूत एकत्र पाहिली नव्हती. म्हणून राहिले.

वाडीवाल्याचं म्हणणं असं की माणसाने सुखाने जगावं, आणि सुख म्हणजे मजा नव्हे. अंगाला दुखणं नाही आणि मनाला धास्ती नाही, ही अवस्था म्हणजे सुख. ती आली की आणखी काही मिळवायचं राहत नाही. वाचनालयातल्या बाईंना मी सांगितलं की मी सुखाचा अभ्यास करते आहे, तर त्या म्हणाल्या, "या वयात?" आणि पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला.

त्याने इच्छांचे तीन प्रकार केले आहेत. भूक लागल्यावर भात, ही पहिली इच्छा. भातावर ताज्या कोलंबीचं कालवण, ही दुसरी. आणि आपलं कालवण तिच्या कालवणापेक्षा चांगलं होतं असं शेजारणीने चारचौघींत कबूल करावं, ही तिसरी. पहिली भागवावी, दुसरी सहज जमली तर भागवावी, तिसरीच्या नादी लागू नये. मला ही मांडणी इतकी आवडली की मी स्वयंपाकघरातलं फडताळ त्याप्रमाणे लावलं. पाहुण्यांसाठीचा सोनेरी कडांचा कपबशांचा संच तिसऱ्यात गेला, म्हणजे माळ्यावर. मोठ्या आजीने विचारलं की पाहुणे आले तर? मी म्हटलं, चहा पहिल्या प्रकारच्या कपातून देऊ.

आता वीस तारीख. या पंथातले लोक जुन्या काळापासून दर महिन्याच्या विसाव्या दिवशी एकत्र जेवतात आणि गेलेल्या मित्रांची आठवण काढतात. आमचा गट ते पडद्यावर करतो. त्यांच्याकडे दुपार असते, आपल्याकडे तिन्हीसांजा. प्रत्येकाने साधं जेवण घेऊन बसायचं आणि एकाने चार शब्द बोलायचे. घरात मी त्याला नुसतं 'विसावा' म्हणायला लागले. मराठीत विसावा म्हणजे विसावा दिवस, आणि विसावा म्हणजे आराम. इतका सोयीचा शब्द ग्रीकमध्येसुद्धा नाही, हे मी गटात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. या शब्दाने पुढे घोटाळा केला तो मराठीतच होऊ शकतो, पण ते क्रमाने सांगते.

मोठी आजी म्हणजे माझी मोठी जाऊ, तुमच्या आजोबांची वहिनी. ऐंशी ओलांडलेली, दात स्वतःचे, दृष्टी माझ्यापेक्षा बरी. तिला मूलबाळ नाही. मी शाळेत शिकवायला जायची तेव्हा तुमच्या बाबांना तिने वाढवलं, त्यामुळे भातात पिठलं कालवून खाणं वगैरे ज्या सवयी तुम्हाला त्यांच्यात दिसतात त्या तिच्या आहेत. दोघींचेही यजमान गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. ती मला 'मास्तरनी' म्हणते, कौतुकाने नव्हे.

मागच्या वैशाखात ती म्हसळ्याला एका लग्नाला गेली. पंगतीत शेजारी तिच्या माहेरच्या गावचे एक गृहस्थ बसले होते. त्यांना हात बघता येतो. जिलबी आणि मठ्ठा यांच्या मध्ये त्यांनी तिचा डावा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "दिवाळीचा दिवा काय दिसत न्हाय." मी चौकशी केली, तेव्हा त्यांचा चष्मा खिशात होता असं कळलं. पण मोठ्या आजीने तो मुद्दा मानला नाही.

ती घाबरली असं तुम्हाला वाटेल. पण मरणाची तिला तशी भीती नव्हती. तिची काळजी कावळ्याची होती. तुम्ही लहान आहात म्हणून सांगते: माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी त्याच्या नावाने भाताचा पिंड ठेवतात, आणि कावळा त्याला शिवला की तो माणूस सुटला असं समजतात. त्याची एखादी इच्छा, वासना, मागे राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग नातेवाईक उन्हात उभे राहून "तुमच्या मुलीचं लग्न करू", "तुमची म्हैस विकणार नाही" अशी वचनं देत बसतात. मोठ्या आजीचा प्रश्न असा की तिच्या पिंडापुढे उभं राहून कोण काय वचन देणार?

"लेकाला विमान मिळंल तवर कावळे झोपाया जातील," ती म्हणाली. लेक म्हणजे तुमचे बाबा.

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तू कावळ्याला इंग्लिश शिकवशील."

म्हणून तिने स्वतःच बंदोबस्त करायला घेतला. दिवाळीपर्यंत एकेक वासना मारायची, म्हणजे मागे काही उरायला नको. आधी तिने पान सोडलं. सुपारीच्या वाडीत राहून पान सोडलं, यावर गावात कोणी विश्वास ठेवला नाही. मग आंबे सोडले, तेव्हा हंगाम संपत आला होता. मग मासे. मग दुपारचा चहा, मग रात्रीचं जेवण, मग टीव्हीवरची मालिका, जिच्यात खून कोणी केला हे अजून उघड झालेलं नव्हतं. गणपती गेले तोपर्यंत ती सकाळी वाटीभर पेज घ्यायची आणि दिवसभर ओटीवर पाय जवळ घेऊन बसायची. हातातली पाटली, जी काढायला पूर्वी साबण लागायचा, ती कोपरापर्यंत वर सरकायला लागली.

श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आजार कुठलाच नाही, पण असं चाललं तर दिवाळीपर्यंत होईल. म्हणजे भविष्य खरं ठरायची सोय ती स्वतःच करत होती. मी तिला हे तर्काने समजावलं.

"म्हंजे तो बरोबरच बोललाय," ती म्हणाली.

तिला खायला लावायचं, एवढंच माझ्यापुढे काम होतं, आणि ते मला जमत नव्हतं. मी वाडीवाल्याचे तीन प्रकार तिच्यापुढे मांडले. सांगितलं की पेज आणि भात पहिल्या प्रकारात येतात, त्या वासना नव्हेत, गरजा आहेत. तिने विचारलं, "आणि सुका बोंबील?" मी प्रामाणिकपणे सांगितलं की दुसऱ्या प्रकारात. ती म्हणाली, "बघ. मंग सोडाया पायजे." प्रामाणिकपणाचा असा परिणाम होतो.

बोंबलाचं खरं कारण मला नंतर कळलं. बाकी सगळ्या वासना मेल्या होत्या, ही एक मरत नव्हती. शेजारच्या घरी संध्याकाळी चुलीत बोंबील भाजले की वास आमच्या ओटीवर यायचा आणि ती उठून घरात जायची. "वास हाय तवर वासना हाय," ती एकदा म्हणाली. मी शेजारणीला सांगितलं की जरा पलीकडच्या बाजूला भाजा. ती म्हणाली, "वारा कुठचा येतो ते मी ठरवते काय बाई?"

गटात मी हे सगळं लिहिलं. बस ड्रायव्हरने कोंबडीच्या सूपची कृती पाठवली. कोणीतरी एक लांब लेख पाठवला. मला एक गोष्ट या काळात समजली, ती तुम्हाला मोठेपणी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. वाडीवाल्याने आपापल्या मरणाची भीती घालवायची चांगली व्यवस्था लावली आहे: आपण आहोत तोवर मरण नाही, मरण आलं की आपण नाही, तेव्हा भेट होतच नाही. पण शेजारच्या खोलीत झोपणारं माणूस गेलं तर काय, याची व्यवस्था तेवढी पक्की नाही. मी दुपारी तिच्या खोलीत जाऊन तिचा श्वास चालू आहे का ते बघायची. ती डोळे मिटून म्हणायची, "हाय अजून. जा."

शेवटी चष्मेवाली बाई म्हणाली, तिला विसाव्याला घेऊन या. वीस तारीख तेव्हा पितृपंधरवड्यात येत होती. त्या वेळी बोलायची पाळी माझी होती. तिला आधी सांगितलं तर ती नाही म्हणेल, म्हणून ऐनवेळी हाताला धरून आणायचं ठरवलं. त्या आठवड्यात तुमच्या बाबांचा फोन आला. मी मागच्या पडवीत बोलत होते. मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढचं कळेल.

"विसाव्याला सगळे जमणार आहेत. नाही नाही, तू यायची गरज नाही, इतक्या लांबून कोण येतं. जेवण काय, साधंच ठेवायचं असतं. चार शब्द मी बोलणार आहे, लिहून ठेवलेत. नाही, त्यांना अजून सांगितलं नाही. त्या दिवशीच नेऊ."

फोन ठेवून वळले तर मोठी आजी दारात. भिंतीला धरून उभी, पण उभी.

"नेऊ म्हंजे कुठं नेऊ?"

"आत. टॅबलेटसमोर."

"माझ्यासमोर खोटं बोलू नको. विसाव्याला सगळे जमणार. जेवण साधं. लेकाला येऊ नको सांगितलंस. आणि चार शब्द लिवून पण ठेवलंस गो मास्तरनी? जरा दम तरी धरायचास."

मला कळायला वेळ लागला, कारण माझ्या डोक्यात वीस तारीख होती. मराठीत विसाव्याचा तिसरा अर्थ आहे, आणि कौतुकाच्या भरात तो मी विसरले होते. स्मशानात जाताना तिरडी वाटेत एका ठरलेल्या जागी खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात. त्या जागेला विसावा म्हणतात. आपल्या गावाचा विसावा समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, तुम्ही तिथल्या चौथऱ्यावर बसून आईस्क्रीम खाल्लं होतं आणि मोठी आजी ओरडली होती, ती त्यामुळे.

मी तिला खरा प्रकार सांगितला. तिला तो तिच्या समजुतीपेक्षा जास्त संशयास्पद वाटला.

"म्हंजे परदेशातली माणसं महिन्याच्या महिन्याला जमून जेवतात, आणि मेलेल्याच्या गोष्टी करतात."

"हो."

"आणि सुतक कोणाला नसतं."

"नसतं."

"येते मी," ती म्हणाली. "तुझ्या नादाला कोण लागलंय ते बघाया पायजे."

वीस तारखेला तिने धुवट पातळ नेसलं. मी टॅबलेट ओटीवरच्या टेबलावर पुस्तकांच्या आधाराने उभा केला. माझ्या ताटलीत तांदळाची भाकरी आणि खोबऱ्याची चटणी होती. तिच्यासमोर पाणी. पडद्यावर एकेक चेहरा उगवला तशी ती मला विचारायला लागली आणि मी दोन्हीकडचं भाषांतर करायला लागले.

"ह्यो कोण?"

"निवृत्त बस ड्रायव्हर आहेत. स्कॉटलंडचे."

"यष्टीचा? पेन्शन हाय का इचार."

मी विचारलं. तो म्हणाला, आहे, पण कमी आहे. तिने समाधानाने मान हलवली.

"आणि ही काळ्या चष्म्याची?"

"ही ग्रीसची. वाडीवाल्याच्या गावची."

"माहेर की सासर?"

चष्मेवाली म्हणाली की दोन्ही तिथलंच. मोठी आजी पुढे सरकून बसली. तिच्या दृष्टीने आता बोलण्यालायक माणूस सापडलं होतं.

"इचार तिला, यांच्यात कावळा शिवतो का."

हे भाषांतर लांबलं. पिंड, दहावा दिवस, वासना, सगळं सांगावं लागलं. बस ड्रायव्हर म्हणाला, त्याच्याकडचे कावळे आणि समुद्रपक्षी कशालाही शिवतात, अडचण उलटी आहे. चष्मेवाली म्हणाली, त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने गहू उकडून त्यात साखर आणि मनुका घालतात, आणि जमलेली माणसं ते खातात.

"माणसंच खातात? मंग मेलेल्याचं मन कशात अडकलं ते कळतं कसं?"

"कळत नाही," चष्मेवाली म्हणाली. "माझी आई गेली तेव्हा मीही हाच विचार करत होते, की तिचं काय राहून गेलं. मग मी हे शिकायला लागले." आणि तिने त्या पंथाचं मरणाविषयीचं मत सांगितलं. इंग्रजीत ते एवढंसं वाक्य आहे.

आयुष्यभर मी मुलांना भाषांतर शिकवलं, आणि त्या वाक्याने मला अडवलं. 'मरण म्हणजे काहीच नाही' म्हणावं तर मोठी आजी म्हणेल, मग एवढे दिवस आपण रडलो ते कशाला. 'मरणाशी आपला संबंध नाही' म्हणावं तर ते नोटिशीसारखं वाटतं. पडद्यावर सगळे माझी वाट बघत होते. एकाचा घास तोंडात तसाच राहिला होता. मी म्हटलं:

"ती म्हणते, मरण आपलं काही लागत नाही."

तुमच्यासाठी सांगते. मराठीत नातं असतं तेव्हा 'लागतं'. लग्नात तुम्ही विचारता ना, ही बाई आपली कोण लागते? चुलतआत्या लागते, मावशी लागते. आणि काहीच नातं नसलं तर माणूस म्हणतो, तो आमचा कोणी लागत नाही.

मोठ्या आजीने पदर सावरला.

"कायच लागत न्हाय?"

"नाही."

"लांबचं पण न्हाय? आपल्या सासऱ्यांकडनं?"

"कुठूनच नाही."

वाडीत कुणाच्या तरी पंपाचा आवाज येत होता. बस ड्रायव्हरने विचारलं की त्याला ऐकू येत नाहीये की कोणी बोलतच नाहीये. मी म्हटलं, कोणी बोलत नाहीये.

"मंग सुतक न्हाय," मोठी आजी म्हणाली.

"कुणाचं सुतक?"

"त्याचंच. मरणाचं. मी धरलंय न्हाय का इतके महिने? खाणं न्हाय, पिणं न्हाय, टीव्ही न्हाय. जो आपला कोण लागत न्हाय त्याचं सुतक धरून बसले. ते पण तो यायच्या आधी." तिने माझ्याकडे रागाने बघितलं. "आणि तू शिकली-सवरलेली, घरात बसून बघत व्हतीस. लोक हसतील."

मी हे गटाला इंग्रजीत सांगितलं. सुतक म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं: घरातलं माणूस गेलं की काही दिवस गोडधोड, सण, देवपूजा सगळं बंद, पण ते फक्त नात्यातल्याचं. परक्याचं सुतक कोणी पाळत नाही, पाळलं तर तो वेडेपणा. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. ती म्हणाली की आपण इतकी वर्षं हे वाक्य वाचतोय, पण आपण परक्याचं सुतक पाळतोय हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. बस ड्रायव्हरने विचारलं, कोण हसणार आहे? मी म्हटलं, गाव.

"चार शब्द बोलणार व्हतीस ना," मोठी आजी मला म्हणाली. "ते बोल चटकन. आणि मंग बोंबील बघ डब्यात हायत का."

पितरांच्या तिथीचा दिवस सोडला तर आपल्याकडे पितृपंधरवड्यात मासे चालतात, आणि तिथी होऊन गेली होती. माझे चार शब्द मैत्रीवर होते. ते मी निम्मे वाचले. मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्याची चूल होती, तिच्यातले निखारे पुढे ओढले आणि बोंबील भाजले. वास ओटीवर गेला असणार, कारण मी परत आले तेव्हा ती माझ्या ताटलीतली भाकरी हातात घेऊन तयार होती. तिने बोंबील भाकरीवर चुरला, वर कच्चा कांदा आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब घेतले, आणि सगळ्यांदेखत खाल्ला. पोट इतक्या महिन्यांचं आकसलेलं, त्यामुळे अर्धाच संपला. उरलेला तिने झाकून ठेवायला सांगितला.

"खाल्लेल्याची वासना राहत न्हाय," ती मला म्हणाली, जणू हे मीच नाकारत आले होते.

इथे मी थांबले असते तर तुम्हाला वाटलं असतं की वाडीवाल्याने काम केलं. त्याने निम्मं केलं. ती जेवायला लागली, पाटली हळूहळू मनगटावर उतरली, मालिकेतला खून दिराने केल्याचं तिला कळलं. पण भविष्य तिने सोडलं नाही. नवरात्रात मी सहज म्हटलं, आता त्या म्हसळ्याच्या लग्नातल्या गृहस्थांचं बोलणं मनातून काढा. तेव्हा ती म्हणाली, "मरण लागत न्हाय, कबूल. पण तो लागतो. माझ्या चुलत्याच्या मेव्हण्याचा मुलगा हाय. त्याला खोटं कसं पाडू?"

यावर वाडीवाल्याकडे उत्तर नाही. गटात विचारलं, तिथेही नाही. भविष्यबिविष्य सगळं खोटं, असं तो पंथ ठामपणे सांगतो. पण सांगणारा माहेरचा असला तर काय करायचं, याचा विचार केलेला दिसत नाही. दिवाळी जवळ आली तशी मी पुन्हा दुपारी तिच्या खोलीत डोकवायला लागले. तीही पुन्हा कमी बोलायला लागली. जेवत होती, पण ताटात बघून. वसुबारसेच्या आदल्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं.

"तो नक्की काय बोलला व्हता, तुला ठाव हाय?"

"दिवाळीचा दिवा दिसत नाही म्हणाला."

"मरंल म्हणाला का?"

"नाही."

"न्हाय ना? नुसतं दिवा दिसत न्हाय."

"हो."

"मंग न्हाय बघायचा," ती म्हणाली, आणि कांदा चिरायला घेतला.

तिने ते खरोखर केलं. मी ओटीवर पणत्या लावल्या की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. अंगणात जायचं असलं की पदर कपाळावरून पुढे ओढून, माझ्या खांद्याला धरून, पायाखाली बघत जायची. लक्ष्मीपूजनाला देवापुढच्या समईकडे तिने पाठ करून नमस्कार केला. देवाची तिने आधी परवानगी घेतली होती. शेजारीण फराळाचं ताट घेऊन आली, तर ही झोपाळ्यावर उलटी बसलेली, तोंड घराकडे, पाठ अंगणाकडे.

"अशा का बसल्यात मोठ्या आजी?"

"मान धरली."

"शेक द्या जरा."

"तुळशीच्या लग्नापातूर आपोआप सुटंल," ती म्हणाली.

शेजारीण गेली. मी तिच्या शेजारी बसले, सरळ, अंगणाकडे तोंड करून. पणत्या व्यवस्थित एका ओळीत होत्या, वारा नव्हता. तिच्या मांडीवर बशी होती आणि ती खात होती. मला त्या वेळी अंगाला दुखणं नव्हतं, आणि मनालाही काही नव्हतं. मी ते तिला सांगितलं नाही.

"कंदील कुठच्या रंगाचा लावलास गो?" तिने भिंतीला विचारलं.

"पिवळा."

"लाल बरा दिसला असता."

"बघून सांगा."

"मी न्हाय बघायची. चकली दे आणिक एक. ही मऊ पडलीय."

मी दिली.